डब्यावरचं नाव

आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही. लग्नातल्या हंड्यापासून बारशाच्या वाटीपर्यंत सगळ्यांवर कोणी, कोणाला, कधी दिलं ते कोरलेलं असतं. घरावर कोणाकोणाचे उपकार आहेत ते मांडणीकडे बघून कळतं. मला पूर्वी याचं हसू यायचं, आता येत नाही.

मी शालन. डोंबिवलीत पिंपळ गल्लीत ‘थारा’ नावाचं निवारागृह आहे, ते मी सांभाळते. नवऱ्याच्या माराला कंटाळून निघालेल्या, सासरच्यांनी हाकललेल्या, डोक्यावर छप्पर न उरलेल्या बायका पोराबाळांसकट आमच्याकडे येतात. मीही एके काळी अशीच आले होते, कडेवर पोरगी आणि पायात चप्पल नाही. आता पोरगी कोलशेतला नोकरी करते आणि माझ्याकडे चपलांचे दोन जोड आहेत. आमचा एकच कडक नियम होता: दारावर पाटी लावायची नाही आणि पत्ता कोणाला सांगायचा नाही. गल्लीला वाटायचं, हे नोकरदार मुलींचं हॉस्टेल आहे. आम्ही तो गैरसमज जपून ठेवला होता.

संस्थेच्या अध्यक्ष सुमेधा बाळ. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं शुद्ध, मन त्याहून शुद्ध. दर संक्रांतीला त्या स्वतः येऊन तिळगूळ वाटतात आणि वाण देताना कोणाच्या कपाळाकडे बघत नाहीत. विधवा असो, टाकलेली असो, सोडून आलेली असो, सगळ्यांना सारखंच. मी बौद्ध, मला कुंकवाचं काही नाही, पण स्टीलचा डबा कोण नाकारतं? यंदा त्यांनी पोरांसाठी शाळेचे डबे आणले. प्रत्येक झाकणावर पोराचं नाव आणि खाली ‘थारा, पिंपळ गल्ली, डोंबिवली पूर्व’. हरवला तर परत मिळावा म्हणून बाईंनी हौसेनं कोरून आणलेलं. पोरं नाचली, आयांनी अक्षरांवरून बोटं फिरवली, मी एकेक झाकण पुसून फडताळात लावलं. दारावर पाटी नको म्हणून भांडणाऱ्या आम्ही, आणि पोरांच्या हातात पाट्या दिल्या. कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. नाव घालणं आमच्या इतकं हाडीमाशी खिळलंय.

त्यातला एक डबा प्राचीचा. प्राची दुसरीत आहे. तिची आई रचना दिवाळीच्या आधी आंबिवलीहून एका पिशवीनिशी आमच्याकडे आली, तेव्हा तिचा डावा डोळा उघडत नव्हता. बाई शब्दाला शब्द वाढवणारी नाही. स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात तिला काम लागलं, पोरीला शाळा मिळाली, आणि हळूहळू दोघी जेवताना हसायला लागल्या होत्या.

मग कल्याणच्या कोर्टात नवऱ्याविरुद्धच्या केसची तिची तारीख लागली. प्राची आईला सोडून राहीना म्हणून तिनं बरोबर नेली. पोरगी बाकड्यावर बसून भेंडी-चपाती खात होती, तेवढ्यात नाव पुकारलं, आणि गडबडीत डबा तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात भर दुपारी आमच्या फाटकाशी एक माणूस आला. शर्टाला इस्त्री, केस नीट विंचरलेले.

“ताई, डबा राहिलेला पोरीचा. द्यायला आलो.”

तो रचनाचा नवरा सूरज, हे मी लगेच ताडलं. पण माझं तोंड मला कधी दगा देत नाही.

“इथे कोणी पोरगी नाही. चुकलात तुम्ही.”

त्यानं झाकण माझ्यासमोर धरलं आणि धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. “प्राची. थारा. पिंपळ गल्ली.” मग हसला. “नसेल तर राहू दे. मी रोज येऊन विचारत जाईन.”

आणि खरंच रोज यायला लागला. समोर टेम्पो लावायचा, काळुरामच्या इस्त्रीच्या टपरीवर बाकड्यावर बसायचा आणि चावीनं डब्यावर टकटक करत राहायचा. ती टकटक आमच्या माडीपर्यंत ऐकू यायची. प्राची शाळेत जायचं नाव घेईना आणि खिडकीपासून लांब बसून जेवायला लागली. चौकीतून हवालदार येऊन दम देऊन गेला. सूरज म्हणाला, रस्ता सरकारी आहे, मी कोणाला हात लावलाय का? नवऱ्यानं जवळ फिरकू नये असा कोर्टाचा आदेश अजून यायचा होता.

सुमेधाताई धावत आल्या. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, “चूक माझी आहे. पूर्णपणे माझी. नाशिकच्या संस्थेशी मी बोलले आहे. रचना, उद्या गाडी येईल, तू आणि प्राची निघा.”

पत्ता फुटला की बाईला हलवायचं, ही सगळ्या निवारागृहांची रीत. त्यात चुकीचं काही नाही. मीही पिशवी काढायला उठले.

“मी नाय जाणार,” रचना म्हणाली.

आम्हाला वाटलं तिला कळलं नाही. तिला सगळं कळलेलं.

“घर मी सोडलं. आईकडे जाणं सोडलं. पोरीची जुनी शाळा सोडली. आता हेपण मीच सोडायचं? मारायचं त्यानं आणि बॅग भरायची मी, असं किती वेळा? नाशकात आला तर मग कुठे, नागपूरला?”

“अगं, पण बाकीच्यांचा विचार कर,” सुमेधाताई हळूच म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं. मान खाली घालून रचना साडीचा काठ चुरगाळत बसली. ते बघून माझं डोकं फिरलं. लपणाऱ्याची गोची अशी असते की जिवावर बेतलं तरी ओरडता येत नाही. ओरडणार कोणाला? गल्लीला ठाऊकच नाही आत कोण राहतं. तिकडे सूरज बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगत होता की बायको रुसून हॉस्टेलात येऊन राहिलीय, आणि काळुराम बिचारा त्याला चहा पाजत होता.

मी म्हटलं, “मॅडम, ज्याला कळायला नको त्याला पत्ता कळलाय. गल्लीला तेवढा कळलेला नाही. पाटी लावू या.”

सुमेधाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकेकीला बाजूला नेऊन विचारलं, कारण जीव प्रत्येकीचा होता. आसावरी नको म्हणाली. तिचा दीर तिला शोधत होता. नाशिकची गाडी आली ती तिला घेऊन गेली, आणि तिला कोणी नावं ठेवली नाहीत. बाकीच्या म्हणाल्या, लावा.

पाटी सुमेधाताईंनीच रंगवून आणली. ‘थारा. निराधार महिला व मुलांचे निवारागृह.’ रचनानं वाचली आणि म्हणाली, “निराधार कोण आहे इथे?” पेंटरला परत बोलावून तेवढा शब्द पुसून घेतला.

मग आम्ही दोघी, मी आणि सुमेधाताई, घरोघर फिरलो. हे काय आहे, आत कोण राहतं आणि समोर रोज कोण बसतं, ते सरळ सांगितलं. सोसायटीतला स्वानंद म्हणाला, यामुळे फ्लॅटचे भाव पडतील. मी म्हटलं, बायका-पोरं फुटपाथवर झोपली तर वाढतील का? त्यानं दार लावून घेतलं. सगळेच पाघळतील अशी माझी अपेक्षा नव्हती. काळुराम मात्र ऐकता ऐकता लाल झाला.

“आयला, मी त्याला चहा पाजला ताई,” तो म्हणाला आणि बाकडं उचलून आत टाकलं.

दुसऱ्या दुपारी सूरज आला. बसायला बाकडं नव्हतं. त्यानं मान वर करून पाटी वाचली, मग टेम्पोला टेकून टकटक सुरू केली. मी हवालदाराला फोन लावत होते, इतक्यात रचना जिना उतरली. नुकतीच मागच्या दारानं कामावरून आलेली, कोपरापर्यंत पीठ. ती फाटक उघडून बाहेर पडली तशी मीही निघाले, आणि माझ्यामागे बाकीच्या. कोणी काही ठरवलेलं नव्हतं.

“चल घरी,” सूरज म्हणाला. “रस्त्यात तमाशा नको.”

“डबा दे.”

“घरी चल, मग देतो.”

“त्याच्यावर तुझं नाव आहे?”

तो हसला. “मी बाप आहे तिचा.”

“नाव दाखव,” रचना म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण कापतही नव्हता. “माझ्या माहेरच्या हंड्यावर तुझ्या आईनं तुमचं नाव कोरून घेतलेलं. मी म्हटलं, हा माझ्या आईनं दिलाय. तर म्हणाली, ज्याचं नाव त्याचं भांडं. आता वाच मोठ्यानं. रोज वाचतोस ना?”

सूरजनं इकडेतिकडे पाहिलं. सोसायटीच्या गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या. काळुराम हातात इस्त्री तशीच धरून टपरीबाहेर आला.

“दे रे तिचा डबा,” तो म्हणाला.

सूरजनं दिला नाही. रचनानं तो ओढून घेतला. त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला, कारण पहिल्यांदाच त्याच्याकडे इतके डोळे बघत होते. मग तो टेम्पोत चढला.

“परत येईन मी.”

“ये,” रचना म्हणाली. “पाटी मोठी आहे, चुकायचा नाहीस.”

तो परत येईलही. आमच्यापैकी कोणी डोळे मिटून झोपत नाही. पण आता तो येईल तेव्हा गल्लीला ठाऊक असेल की कोण आलंय.

त्या दिवशी डबा उघडला तर आत कोर्टातली भेंडी तशीच कुजलेली. मी म्हटलं, फेकून दे, दुसरा आणू. रचनानं ऐकलं नाही. नळाखाली बसून घासत राहिली, वास जाईपर्यंत.

सकाळी प्राची गणवेश घालून समोर उभी राहिली. डबा हातात घेऊन झाकणाकडे बघत म्हणाली, “आई, हे नाव खोडायचं?”

“कशाला?” रचनानं तिचं दप्तर खांद्याला लावलं. “अक्षर वर करून धर. वाचू दे सगळ्यांना.”