वॉचमनला लावलेला कौल

आमच्या साइटच्या गेटावरचा वॉचमन देव होता. हे कुणाला सांगितलं असतं तर मला पहिल्या विमानानं गावी आजऱ्याला धाडलं असतं. आपल्याकडचा नव्हे, नॉर्वेकडचा जुना देव, हाइमडाल. देवांच्या दाराचा राखणदार. गवत वाढतं तेही त्याला ऐकू यायचं. तिकडं आता कुणी पूजत नाही, म्हणून इथं कतारात, अल रय्यानला पगारी राखणदारी. कामगारांच्या कॅम्पात माझ्या शेजारच्या खाटेवर रात्रभर टक्क जागा असायचा. एकदा मी चिडून खोदून विचारलं तेव्हा हिंदीत सगळं सांगून बसला. वर म्हणाला, "लोकांना कळलं की मला निघावं लागतं."

वर्ल्ड कपचं स्टेडियम, सगळ्यांना घाई. मी परांची बांधणाऱ्यांचा फोरमन. दोन दिवस वारा असा सुटला होता की पाइप करकरत होते, आणि साहेब म्हणतोय, छताखालचं काम आजच उरका, यल्ला, चला चला. वर जाणार कोण, तर शिवराज. माझ्या बबीताचा पाठचा भाऊ, मीच इथं आणलेला. त्याला काही झालं तर बायकोला कुठल्या तोंडानं फोन करू?

साहेबाला सांगून बघितलं, उपयोग शून्य. म्हटलं, देव दारातच आहे, कौल लावू. आमच्याकडं अडलं की लावतात. देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गेटाजवळच्या कण्हेरीच्या दोन पाकळ्या भिजवून मी त्याच्या खांद्यांवर चिकटवल्या.

"तोंडानं विचार की," तो म्हणाला.

"गप उभा राहा. देवानं बोलायचं नसतं." मी हात जोडले. "शिवराजला वर धाडू का, बाबा?"

तो दगडासारखा उभा राहिला. थोड्या वेळानं उजवी पडली.

काय बरं वाटलं सांगू! वॉकीटॉकीवर म्हटलं, चढ बिनधास्त. "बरं दाजी," म्हणाला आणि चढला.

हाइमडाल आधीच गोरा, आता पांढराफटक. नजर छताकडं.

"काय झालं?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मीच घातलेली आण.

"अरे बोल की आता!"

"मी कौल दिला नाही. वर पाइप जोडणारा एक क्लॅम्प सुटताना ऐकला, दचकलो. खांदा हलला."

मी वॉकीटॉकीवर ओरडत सुटलो, पण वाऱ्यात शिवराजला ऐकूच जाईना. हाइमडालनं ती बाजूला सारली आणि नुसत्या तोंडानं ओरडला, "उतर!" क्रेनवाले, साहेब, पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्या, सगळं थबकलं. शिवराज शिडीवरून भराभरा उतरला आणि त्याच्यामागं परांचीचा अख्खा कोपरा कोसळला. मी त्याला मिठी मारून रडलो, सगळ्यांदेखत.

साहेब वॉचमनला विचारत होता, गेटावरून तुला कळलं कसं? लोकांनी मोबाइल काढले. हाइमडालनं टोपी खुर्चीवर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "आणखी एक सुटतोय," म्हणाला. कुठला, हे मी विचारेपर्यंत गर्दी मध्ये आली. संध्याकाळी त्याची खाट रिकामी होती.

साहेबाला मी सांगितलं, आणखी एक क्लॅम्प ढिला आहे. त्यानं सगळं तपासून घेतलं, काही सापडलं नाही. काम पुन्हा सुरू झालं.

आता शिवराज पट्टा बांधून उभा आहे. "जाऊ का, दाजी?"

मी एकेका पाइपाला कान लावतोय. लोखंड तापलंय, कान भाजतोय. मला काय ऐकू येणार, डोंबल. "थांब जरा," म्हणतो, आणि पुढच्या पाइपाकडं जातो.