लाल शाईची नोंद

केतन डोर्लेकर कॉलेजच्या ग्रंथालयात आला आणि त्याच आठवड्यात तो गुणवंती शितप यांना नकोसा झाला. मिरकरवाड्यातला मुलगा. बाप ट्रॉलरवर तांडेल, आणि हा कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. झालेला. जुने प्रबंध आणि मासिकं स्कॅन करून वेबसाइटवर चढवायला त्याला कंत्राटावर घेतलं होतं. खिडकीकडचा कोपरा त्याने मागून घेतला आणि तिथली कार्डांची लाकडी कपाटं शिपायाकडून जिन्याखाली हलवून घेतली. नेताना म्हणाला, "आता याला कोण हात लावतंय?" त्या कपाटांतली निम्मी कार्डं गुणवंतींच्या हातची होती.

गुणवंती या ग्रंथालयाच्या प्रमुख. लांज्याच्या आतल्या गावातून आलेल्या, घर शेतकऱ्याचं, वडील नोकरीला मुंबईत. ग्रंथालयशास्त्राची पहिली पदवी त्यांनी कोल्हापूरला राहून घेतली. दुसरी घेतली तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती आणि तिला आईकडे ठेवावं लागलं होतं. ती मुलगी वर्षभर त्यांना मावशी म्हणायची. त्या पदव्यांवर कोणी बोललेलं गुणवंतींना खपत नसे, आणि केतन बोलायचा. मुद्दाम नव्हे, सहज बोलायचा, आणि तेच त्यांना जास्त लागे.

काम मात्र त्याचं चोख होतं. दोन वर्षांत हजारावर प्रबंध त्याने चढवले. नुसते फोटो नव्हेत, आतला शब्द न् शब्द शोधता येईल असे. राजापूरची मुलं घरी बसून संदर्भ काढू लागली. प्राचार्य पाहुण्यांना आधी केतनचा कोपरा दाखवत, मग जमलं तर गुणवंतींची खोली. दोघांचं बोलणं हळूहळू चिठ्ठ्यांवर आलं आणि शेवटी फक्त सह्यांवर.

जूनमध्ये संस्थेने डिजिटल ग्रंथालयासाठी एक कायम जागा मंजूर केली. जाहिरातीत पात्रता काय घालायची, यावर प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. ग्रंथालयशास्त्राची पदवी सक्तीची हवी, हे गुणवंतींनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. प्राचार्यांनी केतनकडे बघितलं. तो म्हणाला, सर्व्हर बंद पडला तर पदवी तो चालू करणार नाही, आणि चढवलेली पानं जपायला लागतं ते ज्ञान त्या अभ्यासक्रमात धड शिकवतही नाहीत. मग जरा हसून म्हणाला, "पुस्तकाला नंबर कुठला घालायचा हे शिकायला दोन वर्षं कशाला लागतात, ते मला खरंच कळलेलं नाही."

खोलीतले दोघेतिघे हसले. प्राचार्यही हसले. निर्णय पुढे ढकलला, पण वारा कुठला आहे ते गुणवंतींना कळलं.

चारच दिवसांनी पुढच्या स्कॅनिंगची यादी त्यांच्या टेबलावर सहीसाठी आली. साठ प्रबंध होते. एकेचाळीसाव्या ओळीवर त्यांची नजर थांबली. तो एम.फिल.चा प्रबंध भाविका नावाच्या मुलीने अठरा वर्षांपूर्वी लिहिला होता. ज्यांचे नवरे मुंबईला होते अशा पालीच्या आतल्या वाड्यांतल्या बायकांशी ती महिनोन्‌महिने बोलली होती. मार्गदर्शकांच्या आग्रहाखातर शेवटच्या परिशिष्टात तिने बायकांची खरी नावं आणि पूर्ण मुलाखती जोडल्या होत्या. प्रबंध जमा करायला आली तेव्हा ती रडवेली होती. मी त्यांना शब्द दिलाय मॅडम, नावं बाहेर जाणार नाहीत, असं म्हणाली होती. गुणवंतींनी तिच्यासमोर ॲक्सेशन रजिस्टर उघडलं. आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात नंबर घालून नोंदतात ती ही जाड वही. त्या नोंदीपुढे त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं : फक्त ग्रंथालयात वाचनासाठी. परिशिष्ट कोणालाही देऊ नये. प्रत काढू नये.

हे सगळं त्यांना त्या क्षणी लख्ख आठवलं. पेन हातात होतं. ओळीवर काट मारली असती तर काम संपलं होतं. पण बैठकीतलं हसणं अजून कानात होतं. सगळं येतं ना त्याला, मग विचारू दे की, असं त्यांच्या मनात आलं. रजिस्टर कपाटात आहे, कुलूपही नाही. विचारलं तर सांगेन.

त्यांनी सही केली. केतनने विचारलं नाही.

सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर, एक बाई ग्रंथालयाच्या दारात येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची, इस्त्रीची नऊवारी, हातात कापडी पिशवी. पालीहून पहिल्या एस्टीने आली होती. पुस्तकातलं नाव काढून देतात ते ऑफिस हेच का, असं तिने शिपायाला विचारलं. शिपायाने तिला गुणवंतींपुढे आणलं. तिने आपलं नाव सांगितलं, मथुरा, आणि खुर्चीच्या कडेवर बसून पिशवीतून मोबाइल काढला.

पडद्यावर परिशिष्टाचं पान होतं. तिच्या नावानिशी, वाडीच्या नावानिशी.

मथुराकाकींनी सगळं हळूहळू सांगितलं. त्या काळी कॉलेजातली एक पोर येऊन बसायची, गुणी होती, तिच्याशी मन मोकळं केलं होतं. नवरा मुंबईला असताना धाकटा दीर रात्री दार वाजवायचा, आतून मुसळ लावून झोपावं लागायचं, हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला सांगितलं होतं. आता पुतण्याने गणपतीला गावाचा इतिहास शोधायला म्हणून मोबाइलवर गावाचं नाव टाकलं, तर हेच पान आलं. त्याने ते गावच्या ग्रुपवर टाकलं. मुंबईकर, गावकरी, सगळ्यांनी वाचलं. नवरा चार वर्षांमागे गेला, तो सुटला. दीर अजून शेजारीच राहतो. त्याच्या मुलांनी विहिरीकडे उतरायच्या पाखाडीवर, पायऱ्यांच्या वाटेवर, काट्या टाकल्यात. सूनबाई म्हणते, मेलेल्या गोष्टी कशाला सांगत बसलात.

"माजं नाव तेवडं काढून टाका," त्या म्हणाल्या. "दुसरं काय मागत न्हाय."

पुढे कित्येक दिवस गुणवंतींना स्वतःची लाज वाटत राहिली ती एका गोष्टीची. ते पान बघून त्यांना आधी या बाईचं वाईट वाटलं नव्हतं. आधी वाटलं होतं, सापडला.

त्यांनी मथुराकाकींना हाताला धरून प्राचार्यांच्या खोलीत नेलं. केतनला बोलावलं. काय झालंय ते कळताच त्याचा चेहरा उतरला. जागेवरच लॅपटॉप उघडून त्याने प्रबंध वेबसाइटवरून काढला, शोधयंत्रांच्या साठ्यातूनही पान निघावं म्हणून अर्ज केले. पण लोकांच्या मोबाइलवर गेलेलं परत आणता येत नाही, हे त्यालाच सांगावं लागलं. मथुराकाकींना ते नीट कळलं नाही. म्हणजे निघालं की न्हाय, असं त्या दोनदा विचारत राहिल्या.

मग गुणवंती बोलल्या, तेही उभं राहून. "सर, पुस्तकाला नंबर घालणं हे आमचं शास्त्र नाही. काय कोणापुढे ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, ते आमचं शास्त्र आहे. ज्याला ते शिकवलेलं नाही त्याच्या हातात चाव्या दिल्या की हे असं होतं."

केतन खाली बघत राहिला. प्राचार्यांनी त्याच दुपारी जाहिरातीचा मसुदा संस्थेकडे पाठवला. पदवी अनिवार्य.

तिसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडल्या उघडल्या केतन त्यांच्या खोलीत आला. हातात ॲक्सेशन रजिस्टर होतं आणि वर ती साठ प्रबंधांची यादी. दोन वर्षांत त्याने ते रजिस्टर पहिल्यांदाच उघडलं असणार. लाल ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे अक्षर तुमचं ना?"

"हो."

"आणि यादीवरची सही?"

तो उत्तरासाठी थांबला नाही.

"मला माहीत नव्हतं, ती माझी चूक. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. मला वाटलं, पुस्तक कपाटात आहे म्हणजे वाचायला आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. "पण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही शिकलाय हे. आणि तुम्ही त्या बाईला पुढे करून मला पाडलंत."

रजिस्टर खाली ठेवा आणि बाहेर जा, असं गुणवंतींनी त्याला सांगितलं. तो गेला तो थेट प्राचार्यांकडे. गुणवंती दिवसभर बोलावण्याची वाट बघत बसल्या. बोलावणं आलं संध्याकाळी पाचला. प्राचार्यांनी दार लावून घेतलं, रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, की जाहिरात गेलेली आहे, त्या बाईंनी तक्रार लेखी दिलेली नाही, आता हे उकरलं तर कॉलेजचंच नाव जाईल. हे रजिस्टर तुमच्याच कपाटात कुलपात ठेवा. त्यांनी गुणवंतींना काही विचारलं नाही. खरं काय ते त्यांना कळलं होतं आणि त्यांना ते नको होतं.

केतनने ऑक्टोबर संपताना कंत्राट सोडलं. सगळे पासवर्ड, कुठली फाइल कुठे आहे त्याचे नकाशे, बिघाड झाला तर काय करायचं, असं सव्वीस पानांचं टिपण त्याने टाइप करून ठेवलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं : रजिस्टर आधी वाचा. जाताना तो सगळ्यांना भेटला, गुणवंतींच्या दारावरून मात्र सरळ पुढे गेला.

डिसेंबरात संस्कृती नावाची मुलगी नेमली गेली. ग्रंथालयशास्त्रात दोन्ही पदव्या, गुण उत्तम. तिने पहिल्याच महिन्यात बंधन असलेल्या नोंदींची यादी मागून घेतली आणि गुणवंतींना बरं वाटलं. दुसऱ्या महिन्यात सर्व्हर बसला तो सतरा दिवस उठला नाही. सव्वीस पानं तिने दोनदा वाचली, तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. प्राचार्यांनी केतनला फोन केला. तो येईन म्हणाला, पण शितप मॅडमनी स्वतः बोलावलं तर. गुणवंतींनी फोन लावला. त्यांनी नाव सांगितलं, काम सांगितलं. पलीकडे मागे बंदरावर बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. केतनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आणि काय सांगायचंय?" सर्व्हर कधी बसला ती तारीख त्यांनी परत सांगितली. मग त्याने फोन ठेवला. संस्थेने पुण्याहून माणूस आणवला.

फेब्रुवारीत एका रविवारी गुणवंती एकट्याच पालीला उतरल्या आणि रिक्षा करून आत गेल्या. मथुराकाकींचं घर वाडीच्या टोकाला होतं. त्या खळ्यात बसून कुळीथ पाखडत होत्या. त्यांनी ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही.

उभ्या उभ्याच गुणवंतींनी सगळं सांगितलं. लाल शाई, यादी, सही. त्या मुलाला माहीत नव्हतं, मला होतं, मी थांबवलं असतं तर थांबलं असतं. रडून चालणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मथुराकाकी ऐकत होत्या. शेजारच्या घराच्या पडवीत कोणीतरी उठून आत गेलं, आणि काकींची नजर तिकडे जाऊन परत सुपावर आली.

"मग ता पोर?" त्यांनी विचारलं. "त्याची नोकरी गेली?"

"हो."

"त्याला सांगितलंत हे?"

"त्याला माहीत आहे."

"म्हायत असनं वायलं आनि सांगनं वायलं." काकींनी कुळथातला खडा वेचून बाजूला टाकला. "दीर दाराशी यायचा तवा सगल्या वाडीला म्हायत होतं. कोन बोल्लं न्हाय. तुमी शिकलेल्या. तुमी पन न्हाय बोल्लात. आता माज्याकडं येऊन सांगता ते माज्यासाटी न्हाय, मॅडम. तुमच्यासाटी."



"रिक्षा थांबलीय तुमची," काकी म्हणाल्या, आणि सूप उचलून घरात गेल्या.