जखमेत विरलेली कोळंबीची साल

मित्रांनो, मी कोळंबीची एक जुनी साल आहे. नाक मुरडू नका! सोलायच्या शेडमागे उकिरड्यावर पडले होते, तेव्हा सगळ्यांनीच मुरडलं होतं. माश्यांखेरीज मला कुणी विचारत नव्हतं.

मग प्रयोगशाळेतल्या एका ताईने मला पोतंभर बहिणींसह उचलून नेलं. आम्लात बुडवून माझ्यातला चुना काढला, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून उरलासुरला मांसाचा अंश काढला. काय काय सोसलं म्हणून सांगू! पण मी पांढरीशुभ्र झाले आणि मला कायटोसान असं भारदस्त नाव मिळालं. मला विरघळवून, औषध मिसळून, गोठवून सुकवलं, तेव्हा माझी बारीक छिद्रांची मऊ पट्टी झाली. ते औषध जखमेत थोडं थोडं सोडायचं, हे माझं काम.

माझी नेमणूक झाली शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या हातावर. इस्त्रीच्या वाफेने तिच्या उजव्या हाताची पाठ भाजली होती. कापडी पट्टी बदलताना दर वेळी नवी कातडी उपटून यायची. बोटं आखडली तर सुई कायमची सुटेल, ही तिला धास्ती. डॉक्टरांनी मला जखमेवर बसवून बजावलं, "ही काढायची नाही. हिच्या आधाराने कातडी वाढेल आणि ही आपोआप विरेल."

बाईची आई भारी टापटिपीची. रोज जखम धुऊन पुसायची तिला सवय. काही दिवसांनी मी ओली, पिवळट दिसू लागले, तशी ती घाबरली.

"अगं बाई, हे सडलं की काय! काढूनच टाकते."

तिने माझा कोपरा उचललासुद्धा! माझा जीव टांगणीला लागला. माझ्या छिद्रांत नव्या पेशींनी नुकता कुठे संसार मांडला होता.

"आई, हात काढ! वास येतोय का? पू दिसतोय का?"

आईने वाकून हुंगलं. "नाही गं. पण मला बघवत नाही."

"मग नको बघूस. मला माझी बोटं हवी आहेत, आई."

आईने कोपरा सोडला आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तपासून मान डोलावली.

आज त्या हाताने आईच्या झग्याला बटण लावलं. आई तो हात उलटसुलट करून मला शोधत होती. "गेली कुठे ती पट्टी?"

मित्रांनो, भरणारी जखम सारखी उकरू नका, तिला सवड द्या. मी आता कणभर उरले आहे, उद्या तेवढीही नसेन. पण ती गुलाबी कातडी बघून कुणी "छान भरली हो!" म्हटलं, तर ते कौतुक खुशाल माझ्या नावावर मांडा.