कोरा करून दिलेला मोबाईल

मित्रांनो, कच्छमधल्या मांडवी बंदरातल्या दयाशंकर गोरांच्या घरी, खिडकीच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत एक जुना मोबाईल असतो, तो मी. माझा एक कोपरा उडालेला आहे आणि मागचं झाकण रबराने बांधलेलं आहे. या घरी आलो तेव्हा आतून मात्र मी कोरा होतो. हे लधाभाईंना कळलं तो दिवस आधी सांगतो.

लधाभाई सकाळीच ओट्यावर येऊन बसले. गोर म्हणजे आमच्याकडचे भटजी, आसपासच्या घरांची क्रियाकर्मं करतात, त्यामुळे सकाळी कुणी आलं की त्यांना वाटतं मरणाचंच काम असणार. ते घाईने बाहेर आले.

"काही झालं का, लधाभाई?"

"नाही महाराज. जमकूचा फोन जरा बघायला द्याल? परत मागत नाही. बघून लगेच देतो."

जमकू म्हणजे लधाभाईंची गेलेली बायको. गोरांनी मला त्यांच्या हातात दिलं. लधाभाई बोटाने चित्रं पुढे-मागे सरकवत राहिले. शेवटी गोरांच्या सुनेने विचारलं, "काका, काय शोधताय?"

"खेळ होता एक. किल्ला चढणाऱ्या पोरीचा."

"आला तेव्हा यात काहीच नव्हतं हो. दुकानातून आणल्यासारखा होता."

लधाभाईंनी माझ्यावरूनच भाविनला फोन लावला. भाविन त्यांचा मुलगा, गांधीधामला नोकरी करतो; आईला तो बा म्हणतो आणि आत्याला फोई.

"बापा? हा कुणाचा नंबर?"

"गोर महाराजांचा. बाच्या फोनमधलं सगळं कुठे गेलं रे?"

"मीच पुसलं ना. फोईच म्हणाली, उष्टी वस्तू दानात देत नाहीत. फोटो मी आधी काढून घेतलेत, काळजी करू नका. का, दुसरं काही होतं त्यात?"

लधाभाई म्हणाले, "नाही. दुसरं काय असणार?"

काय होतं ते मला माहीत आहे.

मित्रांनो, माझ्यातलं पुसता आलं ते पुसलं. पण काच तीच आहे, आणि तिच्यावर कुणाचं बोट कसं पडायचं ते काचेला ठाऊक आहे. मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ होते, तरी भुजच्या दुकानात भाविनने मला उचललं तेव्हा वाटलं, माझ्यासारखा मीच. तो मला दोस्तांच्या नाकासमोर धरायचा. "हात नको लावूस, नुसतं बघ." त्यानेच तो खेळ माझ्यात घेतला. पाठीवर तलवार बांधलेली एक पोरगी पडक्या किल्ल्यातून वर चढत जाते, कारण सगळ्यात वरच्या बुरुजात तिचा भाऊ कोंडलेला आहे. वाटेत खड्डे, भाले, हलत्या फळ्या, पहारेकरी. भाविन पहिल्या चौकापर्यंत खेळला आणि कंटाळला. पुढे मलाही कंटाळला. नवा फोन आला आणि मी कपाटात जुन्या चष्म्यांच्या सोबतीला गेलो. नोकरीला जाताना त्याला माझी आठवण झाली. "बा, तुला चालेल हा." घरातल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला आमच्यासारखेच येतात.

जमकुबेन माझ्यावर बहिणीशी बोलायच्या, तेवढंच. मग त्यांना झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. पहिले काही दिवस नातेवाईक फळं घेऊन आले. मग नुसते फोन आले. मग रोज सकाळी जोडलेल्या हातांचं चित्र यायला लागलं, आणि त्यावर सगळ्यांचं भागलं.

लधाभाई नदीकाठी गलबतं बांधणारे सुतार. त्यांनी कामावर जाणं सोडलं आणि खाटेशी बसू लागले. दोघांना बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. एका दुपारी जमकुबेनच्या डाव्या अंगठ्याने चुकून तो खेळ उघडला. पोरगी पळत सुटली आणि सरळ खड्ड्यात पडली.

"अहो, ही पडली बघा!"

"मग उडी मारायला लाव की तिला."

"उडी उजवीकडे आहे. माझा उजवा आहे का जागेवर?"

लधाभाईंनी आपला उजवा अंगठा उडीच्या खुणेवर ठेवला. त्या दिवसापासून पळवायचं जमकुबेननी आणि उडी मारायची, तलवार चालवायची लधाभाईंनी. मला मधे उशीवर टेकवून ठेवायचे. लधाभाईंच्या अंगठ्याला आयुष्यभर रंधा धरून घट्टे पडलेले. काचेला तो अंगठा कळायचाच नाही. त्यांनी दाबावं आणि पोरगी भाल्यावर पडावी.

"मी पळवते, तुम्ही मारता! थुंकी लावा अंगठ्याला."

"लावली."

"मग मी 'आता' म्हटलं की लगेच मारायची. मुहूर्त बघत बसू नका."

"तूच लवकर 'आता' म्हणतेस."

"बायको लवकर म्हणते, नवरा उशिरा ऐकतो. खड्डा काय थांबणार आहे होय?"

दोघं इतकी हसायची की बाजूच्या घरातून विचारणा व्हायची. मुलाला मात्र त्यांनी सांगितलं नाही. आजारी बायको खाटेवर आणि हा म्हातारा तिच्याशी मोबाईलवर खेळतोय, असं लोक म्हणतील, ही लधाभाईंची लाज. असे ते चौकामागून चौक चढत गेले आणि शेवटच्या बुरुजाच्या पायथ्याशी पोचले. जमकुबेन म्हणाल्या, "उद्या जाऊ वर. आज अंगठा दुखतोय." दुसरा झटका पहाटे आला.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने शय्यादान करतात. खाट, गादी, तांब्या, छत्री, चपला, सगळं अंगणात मांडून गोरांना देतात. ते गेलेल्या माणसाला वाटेत पोचतं. भाविनची फोई पुरीबेन, म्हणजे लधाभाईंची थोरली बहीण, मला हातात घेऊन म्हणाली, "हाही ठेव लधा. तिकडे याच्याशिवाय करमायचं नाही तिला."

लधाभाईंनी मान हलवली. तिला खेळ पोचेल, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी मला पूर्ण चार्ज केलं आणि ते विधीला बसायला गेले. तेवढ्यात भाविनने मला आतल्या खोलीत नेलं. काही कळायच्या आत बुरूज गेला, पोरगी गेली, चौक गेले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. कुणाची घंटी आली तरच माझा आवाज.

मला गादीवर ठेवल्यावर लधाभाई वाकले, धोतराच्या टोकाने माझी काच पुसली आणि हळूच म्हणाले, "पुढचं एकटीने खेळू नकोस." तेव्हा मी रिकामा होतो.

आता पुन्हा त्या ओट्यावर चला. गोरांच्या सुनेने तो खेळ शोधून माझ्यात परत घेतला. "हाच ना, काका?" पोरगी आली, तलवारही होती, पण उभी होती ती अगदी सुरुवातीला. लधाभाईंनी थुंकी लावलेला उजवा अंगठा उडीवर ठेवला आणि डावा पळण्यावर. त्यांच्या डाव्या हाताला पळवणं येत नाही. ते काम कधी त्याच्याकडे नव्हतंच.

गोर म्हणाले, "घेऊन जा हो फोन. मला काय करायचाय?"

"नाही महाराज. तिच्या नावाने दिलाय. तुमच्याकडे आहे तोवर तिच्याकडे आहे." मला परत गोरांच्या हातात देत ते म्हणाले, "तिच्याकडे रिकामा पोचला, एवढंच."

गेल्या आठवड्यात भाविन आला होता. गोरांच्या पाया पडला, मला पिशवीत पाहिलं आणि म्हणाला, "वा, बाचा फोन कामी येतोय." भाविन वाईट मुलगा नाही. त्याने सगळं रीतीप्रमाणे केलं. फक्त खाटेशी कोण बसत होतं, त्याला विचारलं नाही. मित्रांनो, वस्तू गेलेल्या माणसाची आहे असं तुम्ही म्हणता आणि धुऊन पुसून मोकळे होता. ती आणखी कुणाची आहे, हे आधी विचारत जा. नंतर विचारून काही परत येत नाही. मी सांगतो म्हणून ऐकाल असं मला वाटत नाही, तरी सांगतो.

लधाभाई अधूनमधून येतात. सून चहा देते. ते मला मांडीवर घेतात, पोरीला पळवतात, आणि उडीच्या वेळी कुणी 'आता' म्हणेल म्हणून थांबतात. पहिला खड्डा अजून ओलांडलेला नाही.