लांडग्याचा सुळा

तंबूसमोर सगळं गाव लोटलं होतं. गावचा मांत्रिक शमशी दुबाना यानं लांडग्याचा सुळा छोट्या आइपेरीच्या जखमेवरून उतरवला आणि शेवयांच्या निवलेल्या पाण्यात बुडवला. पांढरट पाणी बघता बघता काळंनिळं झालं.

"निघालं! विष निघालं!" गर्दीतून आवाज उठला.

बाया रडल्या, म्हाताऱ्यांनी दुवा मागत तोंडावरून हात फिरवले.

"लांडगा थोरला, खोकड मधला, कुत्रा धाकटा!" दुबाना गरजला. "थोरल्याचा दात दिसल्यावर धाकट्याच्या विषाची काय बिशाद?"

तंबूत ताजागुल लेकीला, आइपेरीला, कवटाळून बसली होती. परवा लाळ गाळणारं एक परकं कुत्रं पोरीच्या पोटरीला कडकडून चावलं होतं. नवरा मेंढरं घेऊन वरच्या कुरणात. दवाखाना नदीपलीकडे. आणि दुबानानं बजावलेलं : नदी ओलांडली की उरलंसुरलं विष मेंदूत चढेल, चंद्रकोर दिसेपर्यंत बाहेर पडायचं नाही. दारात सासू तुर्सुनअपा ठाण मांडून बसली होती.

"आई, सोडा ना हो."

"पोर मेली तर तुझ्या हट्टापायी मेली म्हणतील. बस गप."

बाहेर गर्दी, दारात सासू.

तेवढ्यात गुरांची डॉक्टर केरेझ घोड्यावरून उतरली. गेल्या महिन्यात भरदिवसा गावात शिरलेलं पिसाळलेलं खोकड कुणाकुणाला चावलं, याचा माग काढत ती आली होती.

"गेल्या महिन्यातल्या त्या खोकडानंच या कुत्र्याचा चावा घेतला होता, मेंढपाळांनी पाहिलंय," ती म्हणाली. "दुबाना, नातं तू अर्धं खरं सांगितलंस. कुत्रा लांडग्याच्याच वंशातला, माणसाळलेला. खोकड त्यांचा लांबचा चुलता. पण पिसाळण्याचा रोग थोरला-धाकटा बघत नाही. लांडगासुद्धा त्यानंच मरतो. माणूसही."

"मग पाणी काळं कसं झालं?" कुणीतरी ओरडलं.

केरेझनं दुसऱ्या वाडग्यात तेच शेवयांचं पाणी मागवलं. आपल्या पेटीतलं आयोडीन मेंढीच्या बरगडीच्या हाडाला चोपडलं आणि हाड बुडवलं. पाणी काळंनिळं!

"या मेंढीला कोणतं कुत्रं चावलं होतं, दुबाना?"

लोक फिस्सकन हसले. मग तिनं सुळा मागितला. दुबाना मागे सरकला, पण एका म्हाताऱ्यानं तो हिसकावून दिला. केरेझनं साबणानं घासघासून धुतला, तशी दातावरची तपकिरी पुटं निघून गेली. पुन्हा पोरीच्या जखमेवरून उतरवून ताज्या पाण्यात टाकला. पाणी पांढरंच राहिलं.

"पिठुळ पाण्यात आयोडीन पडलं की हा रंग येतो. बस, एवढीच करामत!"

दुबाना पुटपुटला, "नास्तिकाच्या हातात दैवत रुसतं..." या खेपेला कुणी मान डोलावली नाही.

ताजागुल पोरीला घेऊन उठली. तुर्सुनअपा दारातून हलेना. मग तिनं सावकाश बाही वर केली. मनगटावर दोन दातांचे ओरखडे होते.

"पोरीला सोडवताना लागलं," ती खालमानेनं म्हणाली. "कुणाला बोलले नाही. वाटलं, सुळा दोघींना पुरेल."

ताजागुलनं सासूचा दुसरा हात धरला.

केरेझनं आजी-नातीच्या जखमा साबण लावून वाहत्या पाण्याखाली कितीतरी वेळ धुतल्या आणि त्यांना नदीपार नेलं. लस वेळेत मिळाली, दोघी वाचल्या. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की बहुधा कुणाच्याच हातात काही उरत नाही. म्हणून कुत्रा चावो, खोकड चावो की लांडगा, जखम धुवा आणि थेट दवाखाना गाठा. वाटेत कुणी चमत्कार दाखवायला थांबवलं, तर त्याला म्हणावं, आधी लस टोचून येतो, मग बघू.