सुधारणा चौथी

मी दाराचा खटका बोलत आहे. माझे पूर्ण नाव ‘आईसाठी केलेला खटका, सुधारणा चौथी’ असे असून वय सहा वर्षे पूर्ण आहे. हे नाव माझ्या निर्मात्याने पितळेच्या पट्टीवर स्वहस्ते कोरले. नाव लांबलचक आहे खरे. परंतु ज्याला आपल्या कामाचा अभिमान असतो, त्याला नावात काटकसर साधत नाही.

गरज ही शोधाची जननी होय, असे आपण म्हणता. माझ्यापुरते मला एवढेच ठाऊक आहे, की माझ्या घराण्याचा आरंभ भीतीतून झाला.

माझा निर्माता एका कारखान्यात लेथवर काम करणारा कारागीर. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत तो, त्याची पत्नी आणि वृद्ध आई अशी तिघे राहत. आईने उमेदीची सारी वर्षे एका मोठ्या लाँड्रीत घालवली होती. ती लाँड्री केव्हाच बंद पडली. पण आईची स्मरणशक्ती क्षीण झाली, तेव्हा नेमकी तीच शिल्लक उरली. सुनेचे नाव ती विसरली, जेवल्याचे विसरली; सकाळ होताच मात्र “भोंगा झाला, मला निघायला हवं,” म्हणून दाराकडे धावे. एकदा ती खरोखरच निसटली आणि गजबजलेल्या चौकात, अनवाणी, टाच रक्तबंबाळ झालेली अशी सापडली. त्या संध्याकाळी मुलाला घास गेला नाही. त्याने कागद-पेन्सिल घेतली.

माझा पहिला पूर्वज दाराच्या अगदी वर बसवलेली साधी कडी होता. आईने स्टूल ओढले. दुसरा, कपाटामागे लपवलेले बटण. सुनेचा हात कुठे जातो हे आईने काचेत पाहून ठेवले. तिसऱ्याला दूरदूरची दोन बटणे एकदम दाबावी लागत. आईने एक हाताने दाबले, दुसरे केरसुणीच्या दांड्याने. कारागीर डोक्याला हात लावून म्हणाला, “आई, तुला आठवत काहीच नाही आणि सुचतं मात्र सगळं!” वास्तविक त्या घरात दोघे संशोधक होते. एकाला दार बंद राहायला हवे होते, दुसरीला उघडायला.

मग मी जन्मलो. आतून, दाराच्या डाव्या-उजव्या अंगांना, पुरते हात पसरावे एवढ्या अंतरावर, माझ्या दोन मुठी आहेत. त्या दोन्ही एकाच वेळी पिळल्या तरच माझी जीभ आत जाते आणि दार उघडते. पिळायचे असल्याने दांड्याचा उपयोग नाही. बाहेरून किल्ली, ती एकच, कारागिराच्या खिशात. त्याने हात पसरून मला उघडून पाहिले, पुन्हा उघडले, आणि समाधानाने कामावर गेला.

त्याने माप स्वतःच्या हातांचे घेतले होते. तो उंचापुरा. पत्नी चणीने लहान.

“अहो, माझे हात पुरत नाहीत,” ती फोनवर म्हणाली.

“पुरतील गं. जरा ताणून बघ.”

“ताणले. मी काय रबराची आहे?”

“बरं, संध्याकाळी बघतो. तोवर तुला जायचंय कुठे?”

या प्रश्नावर तिने फोन ठेवला.

संध्याकाळी तो आपल्या मुकादमाला मला दाखवण्यास घेऊन आला. मुकादमाने मुठी पिळून पाहिल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. “लेका, डोकं आहे तुझं! पेटंट काढ याचं. इस्पितळांच्या रांगा लागतील.” भीतीपोटी झालेली वस्तू त्या थापेसरशी अभिमानाची झाली, हे मी माझ्या जागेवरून स्पष्ट पाहिले.

पाहुणा गेल्यावर पत्नी म्हणाली, “एक मूठ जरा जवळ घ्या ना.”

“जवळ घेतली तर आई उघडेल. तिचा हात नि तुझा हात सारखाच.”

“म्हणजे मी नि आई सारख्याच झालो.”

तो हसला. ती हसली नाही.

मीही कुठे मोकळा होतो? माझी जीभ एका खाचेतून निघून त्याच खाचेत जाई. जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची पावले मी ऐकली. माणसे कधी पाहिली नाहीत. आतली बाजू मात्र पाहून पाहून पाठ झाली. पत्नीने खिडकीतून दोरीने पिशवी खाली सोडण्याची युक्ती काढली. भाजी वर येऊ लागली. ती खाली जात नसे. खालची शेजारीण ओरडून विचारी, “काय गं, रुसलीस की काय आमच्यावर?” आणि ती उत्तर देई, “वेळच होत नाही हो!” पुढे पुढे तिने खिडकीशी येणेच सोडले.

एका सकाळी, कारागीर गेल्यावर, ती दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. आई आली, थोडा वेळ पाहत राहिली.

“नवीन लागलीस का कामाला?” आईने विचारले. “रडू नकोस पोरी. चादरीची घडी एकटीने होतच नाही. मलाही पहिल्या दिवशी जमली नव्हती. ऊठ. तू ते टोक धर, मी हे धरते.”

आणि तिने माझी डावी मूठ धरली.

सुनेने डोळे पुसले. माझ्याकडे पाहिले, सासूकडे पाहिले, आणि सावकाश उजव्या मुठीशी गेली.

“माझ्याकडे बघ,” आई म्हणाली. “आता!”

माझी जीभ आत गेली. दार उघडले.

सून उंबऱ्यावर क्षणभर थबकली. एकटीने निघून जाणे तिला सहज शक्य होते. तिच्या डोळ्यांत तो विचार येऊन गेल्याचे मी पाहिले. मग ती आत वळली, सासूच्या पायांत चपला घातल्या आणि तिचा हात धरला.

दोघी परतल्या त्या दुपार कलल्यावर. कारागीर खालच्या शेजारणीचा निरोप मिळून धावत आला होता आणि माझ्यासमोर गुडघे टेकून माझी स्प्रिंग तपासत होता.

“कुठे बिघडला हा?” त्याने विचारले.

“बिघडलेला नाही. आम्ही दोघींनी उघडला.”

“आणि गेलात कुठे?”

“लाँड्रीवर. तिथे आता गाड्या उभ्या असतात. आई म्हणाल्या, आज सुट्टी दिसते. आणि स्वतःहून घरी वळल्या.” तिने सासूच्या पायांतल्या चपला काढल्या. “खटका उत्तम आहे हो. फक्त तो तुमच्या हाताच्या मापाचा आहे, आणि तुमचे हात दिवसभर कारखान्यात असतात.”

तो गुडघ्यांवरून उठला. नंतर त्याने मला काढण्यासाठी पेचकस आणला. परंतु आईला उकलता येऊ नयेत म्हणून माझ्या स्क्रूंच्या खाचा त्याने स्वतःच घासून सपाट केल्या होत्या. मी निघालो नाही.

त्यानंतर झालेला बदल असा: माझी जीभ आत ओढून तारेने बांधण्यात आली आणि दाराला साधी कडी लागली. सून व सासू रोज सकाळी लाँड्रीच्या जागेपर्यंत जाऊन येत. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कारागीर जाई. गेल्या वर्षी आई वारली. पेटंट निघाले नाही. मी अद्याप दारातच आहे.