आप्पांच्या वाटणीची जांभळं

अनगोळच्या त्या घरात अक्काताईच्या जिभेला सगळेच टरकून असत. थोरली सून माधवी शाळेत शिकवायची, तरी सासूपुढं बेतानंच बोलायची. त्या सकाळी तिनं खानापूरच्या बाईकडून द्रोणभर जांभळं घेतली आणि फ्रिजमध्ये ठेवली.

"गोळ्या सुरूच ठेवायच्यात, पण जेवल्यावर चार-पाच जांभळं आप्पांना चालतील म्हणालेत डॉक्टर. त्या रंगात अँटिऑक्सिडंट असतंय, आई. शरीर आतनं गंजत न्हाय म्हणे."

"गंजायला तुझा सासरा काय कुदळ हाय व्हय?" अक्काताई म्हणाली. "आमी जांभळाखालीच वाढलो. तवा कुणी त्याला इंग्रजी नाव ठेवलं न्हवतं!"

मारुतीआप्पा गालात हसले. साखरेच्या दुखण्यानं त्यांचा चहा फिका झाला होता, यंदाचा आंबाही हुकला होता. दिवसाकाठी गोड म्हणायला तेवढीच जांभळं. दुपारचं जेवण उरकताच त्यांनी लहान पोरासारखा तळहात पुढं केला.

दिवेलागणीला घरात कुणी नव्हतं. अक्काताईनं पाण्यासाठी फ्रिज उघडला आणि एकच जांभूळ तोंडात टाकलं. माहेरचा ओढा, ओच्यात टपटप पडणारी जांभळं, सगळं जिभेवर आलं. मग दुसरं. तिसऱ्याला तिनं मनाची समजूत घातली, गंज काय एकट्या नवऱ्यालाच चढतो? असं करत करत द्रोणाचा तळ लागला, तेव्हा कुठं ती भानावर आली. बिया तिनं परसात जास्वंदीखाली पुरल्या, चुळा भरल्या, आरशात बघितलं. जीभ मुळापर्यंत जांभळी!

जेवायच्या वेळी ती दाढ दुखत असल्यासारखी पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली. आप्पांनी जेवून हात धुतले, तळहात पुढं केला. माधवीनं रिकामा द्रोण बाहेर काढला.

"जांभळं कुठं गेली?"

थोरला मुलगा विक्रम हसत म्हणाला, "मंगलला इचारा की. खानापूरकडची ती, जांभळाच्या मुलखातली. आईच म्हणती न्हवं, मंगलपुढं डबा उघडा ठेवू नगा म्हणून?"

धाकटी सून मंगल भाकरी थापता थापता थांबली. "मी हात बी लावलो न्हाय, भावजी."

तिनं अक्काताईकडं बघितलं. आता टोमणा येणार, हे तिला सवयीनं ठाऊक होतं. टोमणा आला नाही. पदराआडचं तोंड मिटलेलंच राहिलं. मंगलचे डोळे भरून आले.

आप्पांनी तळहात हळूच मागं घेतला. "ऱ्हाऊ दे गं पोरी. खाल्लीस तर खाल्लीस. तुझंच घर हाय."

न केलेल्या चोरीची ती माफी अक्काताईच्या काळजात रुतली. तिचाच टोमणा, आणि त्यावर आप्पांनीही विश्वास ठेवला होता. ती उठली, दिव्याखाली आली. पदर बाजूला करून तिनं सगळ्यांपुढं जीभ बाहेर काढली.

क्षणभर कुणाला कळेना. मग आप्पांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "आत्ता गं बया! आमची वाटणी हितं गेली व्हय?" विक्रम हसला, माधवीही हसली.

मंगल मात्र हसली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, चूल विझवली, ताटं गोळा केली आणि मोरीकडं निघाली.

"मंगल... गं..." अक्काताईनं हाक मारली.

मंगल उंबऱ्याशी थांबली. वळली नाही.